दुखावतो तो अभिमान, उतरतो तो गर्व

प्रश्न असा आहे : ‘बुद्धिबळात संगणक जिंकू लागला आणि माणसाचा गर्व दुखावला’ हे वाक्य बरोबर आहे का? एकाने ‘गर्व’च्या जागी ‘अभिमान’ सुचवला. पण दोन्हींचा अर्थ एकच असेल तर काय बिघडलं? शिवाय माणूस आणि यंत्र यांच्या सामन्याला ‘चढाओढ’ म्हणता येईल का?

सुचवणाऱ्याचं बरोबर आहे. मराठीत गर्व दुखावत नाही. या दोन शब्दांतला फरक कोशातले अर्थ वाचून कळत नाही, त्यांच्या शेजारी कोणती क्रियापदं बसतात ते बघितलं की कळतो. गर्व होतो, चढतो, उतरतो. कोणीतरी येऊन त्याचं हरण करतो. अभिमान वाटतो, बाळगतात, दुखावतो. गर्व हा उंचीचा शब्द आहे, म्हणून तर त्याचं घर खाली. आणि आपण वर आहोत असं वाटायला खाली कोणीतरी असावं लागतं. अभिमानाचं तसं नाही. लेक शर्यतीत पाचवी आली तरी बाप म्हणतो, मला तिचा अभिमान वाटतो. तिथे ‘गर्व वाटतो’ म्हणून बघा, लगेच कानाला खटकेल.

अलीकडे ‘मला गर्व आहे’ सर्रास ऐकू येतं, ते हिंदीच्या शेजारामुळे. हिंदीत ‘गर्व है’ कौतुकाने म्हणतात आणि ‘अभिमान’ शब्दाला बऱ्याचदा घमेंडीचा वास असतो. संस्कृतातही अभिमान फारसा सोज्वळ नव्हता. सांख्यकारिका या तत्त्वज्ञानाच्या जुन्या ग्रंथात अहंकाराची व्याख्याच ‘अभिमानोऽहङ्कारः’ अशी आहे. मराठीने मात्र तो शब्द असा धुऊन घेतला, की वाईट अर्थ हवा असेल तर आपल्याला ‘वृथा अभिमान’ किंवा ‘दुरभिमान’ म्हणावं लागतं. भाषेने कमावलेला हा फरक आहे, आणि तो आपल्या हातून पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं वाक्य. मे १९९७मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा बुद्धिबळातला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. शेवटचा डाव एकोणिसाव्या खेळीतच संपला. सेकंदाला पटावरच्या सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारं ते यंत्र. त्या दिवशी कास्पारोव्हचा अभिमान दुखावला, कारण तो त्याच्या स्वतःच्या खेळाचा होता. बुद्धीत आपल्या वर कोणी नाही, असं जे आपण सगळे धरून चाललो होतो, तो मात्र गर्व, आणि तो उतरला. तुमच्या वाक्यात ‘माणसाचा’ म्हणजे माणूसजातीचा असेल, तर ‘गर्व उतरला’ लिहा. एका खेळाडूबद्दल बोलत असाल, तर ‘अभिमान दुखावला’. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूरला गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, तोवर खिशातल्या फोनवरचा प्रोग्रामही कुठल्याही जगज्जेत्याला भारी पडत होता. तरी त्याचा अभिमान वाटायला कोणाला अडचण आली नाही. गर्व वाटायला आली असती.

‘चढाओढ’ कधीच्या सामन्याबद्दल म्हणता, यावर आहे. या शब्दात दोघंही चढत असावे लागतात, आणि पुढे कोण जाईल ते ठरलेलं नसावं लागतं. १९९६मध्ये फिलाडेल्फियाला कास्पारोव्ह पहिला डाव हरला, पण सामना त्याने ४-२ असा जिंकला. मग यंत्र आणखी ताकदवान होऊन वर्षभराने परत आलं. ही चढाओढच होती. (चढत होते ते खरं तर यंत्र घडवणारे अभियंते, आणि म्हणूनच शब्द शोभतो.) आजच्या प्रोग्रामशी खेळण्याला चढाओढ म्हणू नये, तो सराव झाला.

प्रश्नात नसलेला एक शब्द इथे आणायलाच हवा : ईर्षा. संस्कृतातली ‘ईर्ष्या’ म्हणजे मत्सर. मराठी ईर्षाही कधी मत्सराकडे झुकते, पण ‘ईर्षेला पेटणे’, ‘ईर्षेने खेळणे’ यांत मत्सराचा लवलेश नाही. मार्च २०१६मध्ये सोलला गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल अल्फागो या संगणक-प्रोग्रामविरुद्ध पहिले तीन डाव हरला. पाच डावांचा सामना तिथेच हातचा गेला होता. तरी चौथ्या डावात त्याने अठ्ठ्याहत्तराव्या खेळीला मधोमध अशी सोंगटी ठेवली, की यंत्राचा हिशेब कोलमडला आणि तो डाव त्याने जिंकला. तेव्हा त्याच्याकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. आणि जिंकल्यावर लगेच त्याने मागणी काय केली, तर शेवटच्या डावात मला काळ्या द्या. काळ्यांनी जिंकणं त्याला जास्त मोलाचं वाटत होतं. त्या मिळाल्या, आणि पाचवा डाव तो हरला.

या मागणीला स्पर्धा म्हटलं तर कमी पडतं, गर्व म्हटलं तर अन्याय होतो. ती ईर्षा. लिहिताना ‘ईर्ष्या’ होऊ देऊ नका, एका जोडाक्षराने लीच्या पदरात मत्सर पडेल.