‘क्रेश्तेरेआ’ म्हणजे वाढ, वाढवणं की संवर्धन?

प्रश्न असा आलाय की येनकित्सा वकरेस्कू या जुन्या रोमानियन कवीच्या चार ओळींचं मराठी करताना ‘क्रेश्तेरेआ लिंबेय रोमनेश्ती’ याला ‘रोमानियन भाषेचे संवर्धन’ म्हटलं तर चालेल का, कारण विचारणाऱ्याला स्वतःलाच ते सरकारी जीआरसारखं वाटतंय. तर माझं मत, चालेल पण नको. आणि का नको ते सांगायचं तर त्या कवीचं थोडं सांगावं लागेल.

आधी ओळी बघा. उच्चार मराठीत जमेल तेवढाच उतरवलाय, रोमानियनमधला एक घशातला स्वर आपल्याकडे नाहीच्चे:

उर्माशिलोर मेय वकरेश्ती,
लास वोउअ मोश्तेनिरे
क्रेश्तेरेआ लिंबेय रोमनेश्ती
शा पात्रिएय चिन्स्तिरे.

म्हणजे, माझ्या मागून येणाऱ्या वकरेस्कूंनो, तुमच्यासाठी वारसा ठेवून जातो, रोमानियन भाषेची ‘क्रेश्तेरे’ आणि देशाचा मान. कवितेचं नावच ‘टेस्टामेंट’, म्हणजे मृत्युपत्र. यमक बघा कसं जुळवलंय, घराण्याचं आडनाव आणि भाषेचं विशेषण, वकरेश्ती-रोमनेश्ती. ते भाषांतरात जाणारच, त्याला इलाज नाही.

आता हा शब्द. ‘क्रेश्ते’ हे क्रियापद लॅटिनमधून आलेलं आणि दोन्हीकडे चालणारं आहे. पोरगं क्रेश्ते म्हणजे वाढतं, आणि आई पोराला क्रेश्ते म्हणजे वाढवते, क्रियापद तेच. गुरं पाळण्यालाही हाच शब्द, पशुपालनाला ‘क्रेश्तेरेआ अनिमालेलोर’ म्हणतात, आणि चांगल्या वळणाच्या माणसाला ‘बिने क्रेस्कुत’, शब्दशः चांगला वाढवलेला. (गंमत म्हणजे वकरेस्कू या आडनावातही ‘वकर’ आहे, म्हणजे गुराखी. घराणं बड्या सरदारांचं आणि नावात गुराखी!) त्यामुळे मूळ ओळीत भाषेचं वाढणं आणि भाषेला वाढवणं दोन्ही एकाच नामात बसलंय. मराठीत आपल्याला वाढ आणि वाढवणं यातलं एक निवडावं लागतं, आणि नुसतं ‘वाढ’ म्हटलं की मला दरवाढ नाहीतर पगारवाढ आठवते, तुम्हालाही आठवत असेल.

मग संवर्धन का नको? कारण हा माणूस लिहितो कसा ते बघा. त्याची दुसरी एक प्रसिद्ध छोटी कविता आहे, बागेत एका खोडाजवळ त्याला दिव्यासारखं उजळ फूल दिसतं आणि पुढे तो म्हणतो, तोडावं तर नासतं, ठेवावं तर भीती वाटते की दुसरा कुणी येईल आणि उचलून नेईल. संपली कविता. तोडणं, नासणं, भीती, उचलणं, सगळे घरातले शब्द. त्यातलं ‘ठेवावं’ आणि मृत्युपत्रातलं ‘ठेवून जातो’ हे रोमानियनमध्ये एकच क्रियापद, ‘लास’, आणि योगायोगाने मराठीत आपल्यालाही दोन्हीकडे ठेवणंच वापरता येतं, फूल झाडावर ठेवा नाहीतर पोरांसाठी इस्टेट ठेवा. अशा माणसाच्या तोंडी संवर्धन घालणं म्हणजे धोतरावर टाय.

आता तो होता कोण, तर १७४० चा जन्म, वालाकियाचा, म्हणजे आत्ताच्या रोमानियाचा दक्षिण भाग. तेव्हा तिथे तुर्कस्तानच्या ऑटोमन सुलतानाच्या मर्जीने नेमलेले ग्रीक राजे असायचे, दरबारात ग्रीक चालायची. हा बोयार, म्हणजे आपण सरदार म्हणू, राज्याचा खजिना सांभाळलेला, तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला राहून तुर्की शिकलेला. १७८१ च्या शेवटी राजा इप्सिलांतीची दोन मुलं पळून ऑस्ट्रियाच्या हद्दीत गेली, त्यांना परत आणायला यालाच व्हिएन्नाला सम्राट दुसऱ्या योसेफकडे पाठवलं, मुलं काही परत आली नाहीत आणि इप्सिलांतीची गादी गेली. पुढे रशिया-तुर्कस्तान युद्धात माव्रोगेनी नावाच्या राजाने याला डॅन्यूबपलीकडे निकोपोलला हद्दपार केलं, तर तिथे बसून याने ऑटोमन सम्राटांचा इतिहास लिहायला घेतला. १७९७ ला वारला.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं साल १७८७. त्या वर्षी त्याचं रोमानियन व्याकरण छापून आलं. त्याआधी १७८० मध्ये व्हिएन्नाला एक छापलं होतं पण ते लॅटिनमधून लिहिलेलं, याचं मात्र रोमानियन वाचणाऱ्यांसाठी रोमानियनमध्येच. आणि नावाची सुरुवात कशी, ‘ऑब्सेर्वात्सी साउ बगर्-द-सामअ’. पहिला शब्द बाहेरून आलेला, ऑब्झर्वेशनचा भाऊ, ‘साउ’ म्हणजे किंवा, आणि मग लगेच घरचा शब्द, ‘लक्ष देणं’ अशा अर्थाचा. म्हणजे पाहुणा शब्द घरात घेतला आणि शेजारीच घरच्याला बसवला, दोघांची ओळख करून दिली. मला हे पुस्तकाचं नाव फार आवडतं. भाषा वाढवणं म्हणजे त्याच्या लेखी काय होतं ते इथे दिसतं.

(तसे तिथल्या भाषेत तुर्कीतून आलेले पाहुणे भरपूर आणि ते आपल्याला ओळखीचे वाटतील. ‘हातीर’ म्हणजे कुणाच्या तरी खातर, ‘हाल’ म्हणजे वाईट अवस्था, ‘दुश्मन’ तर दुश्मनच. मूळ अरबी-फारसी, एक फाटा तुर्कीतून तिकडे गेला, एक इकडे आला. आणि हाल तिकडेही वाईटच आहेत!)

‘चिन्स्तिरे’ला मान हाच शब्द ठेवा, सन्मान-गौरव नको. ‘पात्रिए’ लॅटिन पित्यावरून आलेला, त्यामुळे मातृभूमी करू नका, नुसतं देश बरं.

वारसदारांचं काय झालं म्हणाल तर मुलगे अलेकू आणि निकोलाए दोघेही कवी, नातू यांकू पण कवी. याच घराण्यातली एलेना, जन्म १८६४, नावाजलेली लेखिका झाली, पण पॅरिसला राहून फ्रेंचमध्ये. मृत्युपत्रातली अट तशी मोडलीच म्हणायची.

तर माझं भाषांतर असं: ‘वकरेस्कूंनो, माझ्यामागे तुमच्यासाठी ठेवतो एवढंच, रोमानियन भाषा वाढवणं आणि देशाचा मान राखणं.’ ‘राखणं’ मूळात नाहीये, मी घातलंय, वाढवणंच्या जोडीला एक क्रियापद लागत होतं म्हणून. आणि कुणाला आणखी मोकळं करायचं असेल तर ‘भाषेला लहानाचं मोठं करणं’ पण बसेल, फक्त ओळ फार लांबते.