प्रवासपृच्छा : आजी, दोन नातवंडं आणि श्टुटगार्ट

प्रश्न : नणंद जर्मनीत श्टुटगार्टला असते. 5 मे ते 10 जून असं आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलं तिच्याकडे जाणार आहोत. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. 22 मेला त्याला दोन वर्षं पूर्ण होतील. दोघांचेही पासपोर्ट काढायचे आहेत. मुलाच्या जन्मदाखल्यावर अजून नावच नाही. नणंदेने पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, अ‍ॅमस्टरडॅम अशी यादी पाठवली आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि उद्या नगरपालिकेत जा. बारशाआधी जन्मनोंद होते आणि नावाचा रकाना कोरा राहतो, हे आपल्याकडे घरोघरी घडतं. वर्षाच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत. तुम्हाला विलंब शुल्क भरावं लागेल, एवढंच. तिथेच आईचं नाव पाहून घ्या. दाखल्यावर माहेरचं आणि तुमच्या पासपोर्टवर सासरचं असेल, तर तो घोळ आताच निस्तरा. पासपोर्टच्या अर्जासोबत तुम्हा दोघांची सही असलेलं परिशिष्ट ‘ड’, म्हणजे पालकांचं संमतीपत्र, लागेल. मुलगा चारच्या आतला, म्हणून त्याचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच न्यायचा. मुलीचा पासपोर्ट केंद्रातच काढतात.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते, तेव्हा फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा शुल्क नाही, मोठ्यांना 90 युरो. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा मात्र पाचही जणांचा हवा. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर विम्याच्या अर्जात लपवू नका.

आता तिकीट. जाताना मुलगा मांडीवर चालेल, साधारण दहा टक्के भाड्यात. परतताना तो दोन वर्षांचा झालेला असेल, म्हणजे त्याला स्वतःची सीट लागणारच. एजंटला 22 मे ही तारीख आधीच सांगा. माझं विचाराल तर जातानाही सीट घ्या. बॅसिनेटला, म्हणजे विमानातल्या पाळण्याला, वजनाची मर्यादा असते, एवढं मूल त्यात मावत नाही, आणि नऊ तास मांडीवर घ्यायचं ते तुम्हालाच. नवरे अशा वेळी गाढ झोपतात.

फ्रँकफुर्टला उतरून पुढे रेल्वेने जा. नणंदेच्या गाडीत तुम्ही सगळे मावणार नाही, शिवाय दोन्ही मुलांना कारसीट सक्तीची आहे. रेल्वेत सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, आणि आयसीई या वेगवान गाड्यांत लहान मुलांसाठी वेगळा कप्पाही मिळतो.

यादीतली तीन ठिकाणं तरी खोडा. मुलांची कराडची सकाळी सातची जाग म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेतीन. संध्याकाळी साडेपाचला ती पेंगणार, आणि जूनमध्ये ऊन तर रात्री नऊपर्यंत असतं. नणंदेला खोलीला गडद पडदे लावायला सांगा. पहिला आठवडा विल्हेल्मा प्राणिसंग्रहालय आणि किलेसबर्ग बागेतली छोटी आगगाडी, बस्स. पॅरिस थेट रेल्वेने सव्वातीन तासांवर आहे. तेवढं एक ठेवा, दोन मुक्काम करून. व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्यांवरून बाबागाडी उचलायची कुणी?

खाण्याचं म्हणाल तर सासूबाई तूप आणि पेढे भरतीलच. भरू देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतात. सवलत आहे ती बाळाच्या दूधपावडरीला आणि बेबीफूडला : माणशी दोन किलोपर्यंत, कंपनीचं सीलबंद पाकीट, फ्रिज न लागणारं. नाचणीचं पीठ, मेतकूट यांना या नियमाची आडकाठी नाही. डायपर चार दिवसांपुरते घ्या, बाकीचे तिथे घ्या, पण शनिवारपर्यंतच. रविवारी दुकानं बंद असतात. आणि तुपासाठी सासूबाई हटून बसल्या तर सांगा, तिकडे ‘बुटरश्माल्झ’ या नावाने कढवलेलं लोणी कुठल्याही किराणा दुकानात मिळतं.