पाणथळीवर पक्षी बघायला पहिल्यांदा जाताय? आधी सूर्याची बाजू बघा

सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. समोरून ऊन आलं की पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि ओळख चुकते. उजाडण्याआधी पोहोचा, ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग महागडी दुर्बीणही कामाची नाही. दुर्बीण ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १२ पटीची हातात हलते, नवख्याला तर पक्षी सापडतच नाही.

सगळा तलाव एकदम चाळू नका. खरी गंमत काठाच्या चिखलात आहे. तिथे पक्ष्यांच्या पायांची लांबी बघा: तुतवार अगदी कडेला टिपतो, शेकाट्या गुडघाभर पाण्यात शिरतो. वारकरी नावाचा पक्षी उघड्या पाण्यावर सहज दिसेल. काळं अंग, पांढरी चोच. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, म्हणून एका जागी नजर खिळवू नका. पाणलावा मात्र गवतात दबून बसतो, पायाशी आल्यावरच नागमोडी उडतो.

पक्ष्यांनी चरणं थांबवून माना उंचावल्या, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, हळूच दोन पावलं मागे या. थवा उडवून फोटो काढणं हा निव्वळ छळ आहे. लांबून आलेल्या पाहुण्यांची साठवलेली चरबी त्यात खर्ची पडते.

वाळलेल्या दिसणाऱ्या चिखलावर पाय टाकू नका. वरची पापडी फसवी असते.