सल्फाइट आणि धातूची धूळ एकत्र आली की काय होतं?

प्रश्न: मॅडम, डबाबंद पदार्थांवर ई २२० ते ई २२८ असे नंबर असतात ते सल्फाइट म्हणे, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते, आणि प्रदूषणासोबत त्याचे फ्री रॅडिकल होतात असं वाचलं. खरं का? मला दमा आहे.

उत्तर: हो, खरंय. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, त्यामुळे दिसेल त्याच्याशी भिडणारा कण. पण नुसत्या सल्फाइटला शरीर बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पेशींमध्ये सल्फाइट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते सल्फाइटचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्याचं सल्फेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं, विषय संपला. गडबड होते ती एकच इलेक्ट्रॉन गेला की. प्रदूषित हवेतली सल्फर डायऑक्साइड श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळली की तिचंही सल्फाइटच बनतं, आणि त्याच ओलाव्यात धुरा-धुळीचे कण येऊन बसलेले असतात, त्यात लोखंड, मँगनीज, कधी क्रोमियम, हे धातू तो एक इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि सल्फाइट रॅडिकल तयार होतो. तो लगेच ऑक्सिजनला चिकटतो, पुढे साखळीच सुरू होते आणि शेवटी सल्फेट रॅडिकलसुद्धा बनू शकतो, जो इतका जहाल आहे की सांडपाण्यातली चिवट रसायनं तोडायला मुद्दाम वापरतात! पेशींच्या पडद्यातली चरबी, प्रोटीन, डीएनए, सगळ्याला धक्का लागतो.

तुम्हाला दमा आहे म्हणून सांगते, लेबल वाचाच, काही दमेकऱ्यांना सल्फाइटने झटका येतो. आणि साधा धुळीचा मास्क कण अडवतो, गॅस नाही, त्यामुळे हवा खराब असेल त्या दिवशी बाहेर पळायला वगैरे जाऊ नका, इन्हेलर जवळ ठेवा.