नागपूरच्या उन्हात फोटोक्रोमिक चष्मा फिका का पडतो?

तुमची तक्रार अशी, की हिवाळ्यात मनालीला फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारा, चष्मा काळाकुट्ट झाला आणि आता मे महिन्यात नागपुरात ऊन आग ओकत असताना नुसताच करडा होतो. गाडीत तर तेवढाही नाही. चष्मेवाल्याने खराब माल गळ्यात मारला का? मला तसं वाटत नाही. भांडायला जाण्याआधी हे वाचा.

तुमची भिंगं प्लास्टिकची आहेत. (जुन्या खऱ्या काचेच्या भिंगांत सिल्व्हर क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक असायचे, तो प्रकार वेगळा.) प्लास्टिकमध्ये, बहुधा पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, नॅफ्थोपायरान जातीचे सेंद्रिय रेणू असतात. या रेणूत एका ऑक्सिजनसह सहा अणूंचं एक कडं असतं. कडं मिटलेलं असताना दुहेरी बंध तुटक गटांत राहतात, त्यामुळे रेणू फक्त अतिनील किरण शोषतो. दृश्य प्रकाश आरपार जातो, भिंग स्वच्छ दिसतं. अतिनील किरण पडला की कड्यातला कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, रेणू बराचसा सपाट होतो आणि दुहेरी बंधांची साखळी सलग होते. साखळी लांबली की शोषण दृश्य प्रकाशात सरकतं आणि रंग उमटतो. एकाच द्रव्यातून नीट करडा रंग साधत नाही, म्हणून वेगवेगळी मिसळतात.

खरी गोम पुढे आहे. कडं उघडायला प्रकाश लागतो, मिटायला मात्र नुसती उष्णता पुरते, आणि उन्हात दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात. गळक्या बादलीवर नळ सोडलाय असं समजा: पाणी किती साठेल हे नळावर जेवढं, तेवढंच भोकावर ठरतं. तापमान वाढलं की भोक मोठं होतं. नागपूरच्या ४५ अंशांत रेणू उघडतात भरपूर, पण मिटतातही झपाट्याने. मनालीला थंडी, उंचीमुळे अतिनील किरण जास्त, वर बर्फावरून परावर्तन. तिथे काळा झाला नसता तरच नवल! खोलीत आल्यावर साफ व्हायलाही त्याने वेळ लावला असेल, आठवून बघा.

मग उष्णतेने न मिटणारे रेणू का नाही वापरत? असे रेणू आहेत. जपानच्या मासाहिरो इरिए यांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेली डायअरिलइथीन अतिनील किरणांनी रंगतात आणि दृश्य प्रकाश पडेपर्यंत तशीच राहतात. माहिती साठवायला हा गुण उत्तम, चष्म्याला घातक. संध्याकाळी उन्हातून आलात नि अंधार पडला, की रात्रभर काळा चष्मा लावून गाडी चालवा!

गाडीचं कारण साधं आहे. पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तो जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. दृश्य प्रकाशानेही थोडे गडद होणारे नवे प्रकार मिळतात, पण गाडीसाठी मी वेगळा गॉगलच ठेवतो.

पारख घरीच करा. चष्मा माठातल्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, पुसून लगेच उन्हात धरा, अर्ध्या भिंगावर कागद ठेवून. मिनिटभराने कागद काढल्यावर ठळक सीमारेषा दिसली तर भिंग शाबूत आहे. थंड करूनही फिकंच राहिलं, पिवळसर झाक आली असेल, तर रेणू थकलेत: उघडझाप होताना काही रेणू ऑक्सिजनच्या तावडीत सापडून कायमचे बाद होतात. तेव्हा दोन्ही भिंगं एकदम बदला, नाहीतर एक डोळा गडद नि दुसरा फिका.