लाल दिवा आणि फाटलेला आवाज: डीजे मिक्सच्या रेकॉर्डिंगविषयी प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत तक्रार एकच आहे. हॉलमध्ये सेट झकास वाजला, लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेला मात्र ऐकवत नाही. त्यानंतर लगेच विचारलेलं असतं, "कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या आधीच, वायर, पिन आणि गेनमध्ये (आत येणारा आवाज किती वाढवायचा त्यात) झालेला असतो. आधी तिकडे बघा.

प्रश्न : मिक्सरची वायर लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकाच जॅकमध्ये लावतो. आवाज फाटतो आणि डावं-उजवं वेगळं येत नाही. दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा असलेली वायर घ्या. (सातारा)

वायर बदलू नका, जागा बदला. तो जॅक माइकसाठी आहे. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात, मिक्सरच्या लाइन आउटमधून जवळपास एक व्होल्ट येतो. म्हणजे शेकडो पट. शिवाय त्या जॅकमध्ये माइकसाठी एकच संपर्क असतो, म्हणून स्टिरिओ येणं शक्यच नाही. सोन्याचा मुलामा गंज रोखतो, यातलं काहीही दुरुस्त करत नाही. दोन लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा छोटा डबा, लागेल. "७.१" असं छापलेली काडीसारखी स्वस्त साउंडकार्डं तपकीर गल्लीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत मिळतात, पण बहुतेकांवरचं गुलाबी भोक पुन्हा मोनो माइकचंच असतं. खोक्यावर "लाइन इन" लिहिलेलं दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. खात्री नसेल तर आपला मिक्सर आणि लॅपटॉप घेऊन जा आणि जोडून ऐकवायला सांगा.

प्रश्न : वेव्ह की एमपी३?

वेव्ह. १६ बिटमध्ये तासाला साधारण ६०० एमबी जागा लागते, २४ बिटमध्ये दीडपट, तेवढी मोकळी ठेवा.

प्रश्न : रेकॉर्डिंग हेडफोनवर पोकळ वाटतं आणि फोनच्या स्पीकरवर तर जवळजवळ गायब होतं. फाइल खराब झाली का? (नाशिक)

तुम्ही पाठवलेल्या फोटोत उत्तर आहे. मिक्सरच्या मास्टर आउटला दोन काळ्या पट्ट्यांची मोठी पिन आणि दुसऱ्या टोकाला छोटी स्टिरिओ पिन, ती रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये. मास्टर आउट बॅलन्स्ड आहे. म्हणजे त्या एका भोकातून फक्त डावी बाजू निघते, पण दोनदा: एकदा सरळ, एकदा उलटी. तुमच्या रेकॉर्डरने सरळ प्रत डावीकडे आणि उलटी प्रत उजवीकडे नोंदवली. हेडफोनवर दोन्ही कानांत काहीतरी येतं, म्हणून फसायला होतं. फोनने दोन्ही एकत्र केल्या की एकमेकींना खाऊन टाकतात.

फाइल टाकून देऊ नका. एक बाजू काढा, दुसरी दोन्हीकडे ठेवा, मोनो सेट हाती राहील. पुढच्या वेळी मिक्सरच्या मागचं "रेक आउट" वापरा. बहुतेक मिक्सरवर मास्टरचा नॉब फिरवला तरी त्याची पातळी बदलत नाही. तुमच्या मॉडेलवर तसंच आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघा किंवा भाड्याने देणाऱ्याला विचारा.

प्रश्न : मिक्सरवर अधूनमधून लाल लाइट लागते, पण स्पीकरवर चांगलं वाजतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र किक (ड्रमचा जड ठोका) "फट्-फट्" येते. फाटलेला आवाज साफ करणारं एआय अ‍ॅप महिन्याच्या वर्गणीवर मिळतंय. घेऊ का? (कोल्हापूर)

नको. या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण दर आठवड्याला कुणीतरी असा सेट घेऊन येतं आणि मला नाही म्हणावं लागतं.

रेकॉर्डिंग एखाद्या ऑडिओ एडिटरमध्ये उघडा आणि एका किकवर इतकं झूम करा की लाट एकटी दिसेल. चांगल्या लाटेला गोल माथा असतो. तुमच्या लाटेचा माथा सपाट दिसेल, गवत विळ्याने कापल्यासारखा. तो कापलेला भाग फाइलमध्ये कुठेही नाही. नंतर आवाज कमी केला तर तीच सपाट लाट लहान होते, गोल होत नाही. अ‍ॅप तिथे अंदाजाने काहीतरी भरतं. एखाद-दुसरा ठोका त्याने सुसह्य होतो, दोन तासांचा सेट होत नाही. पैसे मागताना हे कुणी सांगत नाही.

स्पीकरवर चांगलं वाजलं याचं कारण असं, की अ‍ॅनालॉग मिक्सरला लाल दिव्याच्या वरही थोडी जागा असते. कॉम्प्युटरमध्ये शून्य डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) ही छतच आहे. त्याच्या वर जागा नाही.

आता डीजेंसाठी खास अडचण. तुम्ही लेव्हल लावता एका गाण्यावर. मिक्स करताना दोन गाणी एकत्र असतात. दोन किक एकावर एक बसल्या की पातळी ३ ते ६ डीबीने वर जाते. वर अनाउन्समेंटचा माइक उघडला की आणखी. म्हणून रेकॉर्डिंग नेमकं सगळ्यात चांगल्या जागी, गाणं बदलताना, फाटतं. दुसरं गाणं आत घेताना पहिल्याचा बेस खाली घ्या. हे ऐकायलाही बरं लागतं.

लेव्हल लावायची तर कार्यक्रमाआधी. सर्वांत जोरकस दोन गाणी एकत्र वाजवा, माइकवर ओरडा, आणि कॉम्प्युटरच्या मीटरवर सर्वांत उंच टोक उणे ६ डीबीच्या वर जाणार नाही असं बघा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर उणे १२ ठेवलं तरी काही बिघडत नाही, नंतर निर्धास्त वाढवता येतं. "हिरव्यात ठेवलं तर आवाज बारीक येतो" ही ऐकीव गोष्ट आहे. मोठा आवाज हवा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवर घ्या. गाण्याचा ट्रिम (प्रत्येक गाण्याची सुरुवातीची पातळी लावणारा नॉब), चॅनेल, मास्टर, इंटरफेस, सॉफ्टवेअर, या पाच ठिकाणांपैकी एका जागी जरी लाल लागलं तरी बाकीची चार हिरवी असून उपयोग नाही. शोध गाण्याच्या ट्रिमपासून सुरू करा.

काही वर्षांपूर्वी गोव्यात हणजुण्याला वाजलेला एक सेट माझ्याकडे आला होता. वाजवणारा मुलगा परदेशी जाणार होता, तो त्याचा इथला शेवटचा कार्यक्रम. पहिली वीस मिनिटं सुरेख होती, मग कुणीतरी इंटरफेसचा नॉब वर केलेला. उरलेली सगळी रात्र सपाट. मी चार दिवस बसलो आणि वीस मिनिटं परत दिली. नॉबवर चिकटपट्टी लावा.

तुमची जोडणी कुठे लाल होते ते सापडत नसेल तर कार्यक्रमाआधी अनुभवी साउंड इंजिनिअरला एक तास बोलवा. त्याची फी अ‍ॅपच्या वर्गणीपेक्षा सार्थकी लागेल.

प्रश्न : चार्जर लावला की "घुंऽऽ" असा आवाज येतो. साउंडवाला म्हणतो, मिक्सरच्या प्लगची मोठी पिन काढून टाक. (सांगली)

अजिबात काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे. आत कुठे वायर उघडी पडली तर करंट तिच्यातून जमिनीत जातो. ती नसेल तर तुमच्या हातातून जातो. पावसातला मांडव आणि जनरेटर असेल तर विचारायलाच नको. हा ५० हर्ट्झचा हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा असतो, म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्यामुळे येतो. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा. तरी राहिला तर ऑडिओ वायरमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर घाला. मिक्सरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं बंद करा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याच दिवशी.

प्रश्न : दर काही सेकंदांनी "टिक्" येतं. रॅम वाढवू?

आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) ५१२ किंवा १०२४ करा, वायफाय बंद, चार्जर चालू, इंटरफेस हबमधून नको थेट पोर्टमध्ये. शिवाय इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्हींचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते ते) एकच हवा. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ किलोहर्ट्झ असेल तर टिकटिक येते, कधी गाण्याचा वेग आणि सूरही सरकतो. एवढं करून राहिलं तर लॅपटॉप टेक्निशियनला दाखवा, मगच रॅमचा खर्च.

प्रश्न : संगीत मधेच दबतं, टाळ्या गायब होतात.

विंडोजमधलं "ऑडिओ एन्हान्समेंट" आणि आवाज गाळणारं प्रत्येक बटण बंद करा. ती बोलण्यासाठी आहेत.

प्रश्न : डीजे सॉफ्टवेअरच्या आतच रेकॉर्ड केलं. गाणी स्वच्छ, माइक नाही.

बऱ्याच कंट्रोलरवर माइक सॉफ्टवेअरकडे न जाता थेट आउटपुटला जातो. मास्टर बाहेरून रेकॉर्ड करा.

प्रश्न : पेनड्राइव्हवर "एचडी ३२०" गाणी विकत घेतली, तरी रेकॉर्डिंगमध्ये झांजा चुरचुरतात. (ठाणे)

१२८ केबीपीएसची (सेकंदाला कमी माहिती साठवणारी) फाइल ३२० करून विकली असणार. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. ऑडिओ एडिटरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या उंचीचे सूर फाइलमध्ये आहेत त्याचं चित्र) उघडून बघा, १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं दिसलं तर संशय पक्का समजा. गाणी अधिकृत ठिकाणाहून घ्या.

प्रश्न : सेटवरून घरी येऊन ऐकतो तेव्हा रेकॉर्डिंग मंद वाटतं, म्हणून ट्रेबल वाढवतो. सकाळी तेच टोचतं. कानातली शिट्टी हल्ली दोन-दोन दिवस राहते. मित्र म्हणतात सवय होईल, कोमट तेल घाल. (पुणे)

तेल घालू नका. तुमचं रेकॉर्डिंग मंद नाही, त्या रात्री तुमचे कान थकलेले असतात. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं. तुम्ही स्पीकरच्या भिंतीशेजारी चार तास उभे असता. शिट्टी दोन दिवस राहते ही सवय होण्याची खूण नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, ऑडिओमेट्री करून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा, त्या उपचाराला थोडेच दिवस हाताशी असतात. इअरप्लग कोणते, हेही त्यांनाच विचारा. ट्रेबलला रात्री हात लावू नका, सकाळी ऐकून ठरवा. आणि अपॉइंटमेंट उद्याची घ्या, गणपती झाल्यानंतरची नको.