सच्छिद्र कार्बनचा पहिला उत्प्रेरक: आधी एवढं सांभाळा

बायोमासपासून, म्हणजे वनस्पतीजन्य पदार्थांपासून, सच्छिद्र कार्बन तयार केलात, हे छान झालं. आता पृष्ठफळाच्या आकड्यामागे मात्र धावू नका. ग्रॅमला १००० चौरस मीटर भरले, पण छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद असली, तर तेलाचे मोठे रेणू आत शिरणं अवघडच. त्यांना २ ते ५० नॅनोमीटरची मेसोछिद्रं लागतात.

पहिला प्रयोग म्हणून सल्फोनेटेड कार्बन (सल्फ्युरिक आम्लाशी तापवून आम्लगट जोडलेला) घ्या आणि ओलेइक आम्ल या तेलातल्या मेदाम्लाचं मेथॅनॉलशी एस्टरीकरण करा, म्हणजे दोन्हींपासून एस्टर बनवा. प्रगती साध्या टायट्रेशनने, म्हणजे उरलेलं आम्ल अल्कलीने मोजून, कळते.

नवीन माणूस हमखास चुकतो तो धुण्यात. छिद्रांत अडकलेलं सल्फ्युरिक आम्ल हळूहळू बाहेर येतं, अभिक्रिया तेच घडवतं आणि आपल्याला वाटतं कार्बन काम करतोय. माझे सुरुवातीचे कितीतरी निकाल यामुळेच बाद झाले. गरम पाण्याने धूत राहा; धुवणात बेरियम क्लोराइड टाकल्यावर पांढरा साका (सल्फेट उरल्याची खूण) येणं थांबलं की मगच पुढे जा.

मग हे तपासा:

- उत्प्रेरकाशिवाय एक चाचणी, सल्फोनेट न केलेल्या कार्बनसह दुसरी. या दोन्ही टाळू नकाच.
- अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम मिश्रणच गाळा. उरलेल्या द्रवात ती उत्प्रेरकाविना चाचणीपेक्षा वेगाने चालली, तर आम्ल झिरपतंय.
- तोच उत्प्रेरक पुन्हा वापरताना तुलना कमी रूपांतरणावर, म्हणजे थोडंच आम्ल एस्टर झालेलं असताना, करा. ९५ टक्क्यांवर घट लपून जाते.

आणि एक, सल्फोनेशन फ्यूमहूडमध्येच. मिश्रण थंड झाल्यावर तेच पाण्यात सावकाश ओता, पाणी त्यात कधीच नाही.

नायट्रोजन डोपिंग (कार्बनमध्ये नायट्रोजनचे अणू घालणं), एकल धातू-अणू (कार्बनवर सुटे धातूचे अणू बसवणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा. पहिले धुवणाचे निकाल आले की कळवा, आकडे मिळून बघू.